इंग्रजीची धास्ती आणि आपली मुले

इंग्रजी या एका विषयाने आपल्या किती मुलामुलींचे शिक्षण अर्ध्यावर थांबवले, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. नापासांचा आकडा निकालपत्रात असतो. पण नापास झाल्यावर जो मुलगा द्राक्षबागेत मजुरीला गेला, ज्या मुलीचे त्याच लग्नसराईत हात पिवळे झाले, त्यांची नोंद कुठेच होत नाही. आम्ही पेशाने लिपिक. दिवसभर कागदांशी संबंध. म्हणूनच जे कागदावर येत नाही, ते आमच्या मनाला अधिक लागते.

आम्ही पेठला राहतो. नाशिकहून निघून सावळघाट आणि मग कोटंबीचा घाट ओलांडला, की पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर हे तालुक्याचे गाव लागते. पुढे गुजरातची हद्द. तालुक्यात बहुसंख्य वस्ती कोकणा, महादेव कोळी, वारली या आदिवासी समाजांची. आपली बौद्धांची घरे मोजकीच. पावसाळ्यात भात, नागली, वरई पिकवायची आणि पीक घरात आले की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत नाहीतर गुजरातेत मजुरीला जायचे, हा अनेक घरांचा वर्षानुवर्षांचा क्रम. अशा घरांतील मुले आता महाविद्यालयात जाऊ लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट. आम्ही काही कार्यकर्ते संध्याकाळी विहाराच्या खोलीत अभ्यासिका चालवतो. तिथे आपली मुले येतात, तशीच पाड्यांवरची आदिवासी मुलेही येतात. त्यांच्या सहवासात जे पाहिले आणि समजले, ते समाजबांधवांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

अभ्यासिकेत नवा आलेला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी एक वाक्य बोलतोच : "भाऊसाहेब, बाकी सगळं जमतं, इंग्रजी तेवढं डोक्यात शिरत नाही." आम्ही त्याला उलट विचारतो, घरी कोणती भाषा बोलता? तो म्हणतो, कोकणी. इथल्या कोकणा समाजाची ती बोली. समुद्रकाठच्या कोकणीहून वेगळी. शाळेत कोणती? मराठी. मराठी कळायला लागली कधी? "दुसरी-तिसरीत, मास्तर बोलायचे ते हळूहळू समजाया लागलं." वडिलांबरोबर वलसाडकडे कामाला गेला होतास, तिथे कसे बोलायचास? "गुजराती येतं की थोडं!"

म्हणजे पहा. ज्या मुलाच्या डोक्यात भाषा शिरत नाही असे त्यालाच वाटते, त्याच्या डोक्यात आधीच तीन भाषा नांदत आहेत! एक आईच्या कडेवर आली, एक शाळेच्या ओट्यावर आली, एक विटा वाहता वाहता आली. त्यासाठी गाइड घेतले नव्हते, शिकवणी लावली नव्हती. मग चौथ्या भाषेपाशीच घोडे का अडते?

आमच्या मते याचे उत्तर मुलाच्या डोक्यात नाही, शिकण्याच्या तऱ्हेत आहे. गुजराती तो शिकला तेव्हा ती दिवसभर कानावर पडत होती. ती वापरण्याची गरज होती. मुकादमाला पाणी मागायचे, दुकानदाराशी भाव करायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चुकले तरी कोणी हसत नव्हते. काम झाले की झाले. इंग्रजीच्या बाबतीत तिन्ही गोष्टी उलट्या. ती तासापुरती कानावर पडते, परीक्षेपलीकडे तिची गरज भासत नाही, आणि एक शब्द चुकला तर सारा वर्ग हसतो.

या हसण्याची गोष्ट आपल्या वाचकांना वेगळी सांगायला नको. आमच्या लहानपणी वस्तीत आम्ही 'पानी' म्हणायचो, 'लोनी' म्हणायचो. शाळेत तसे बोललो की बाके हसायची. ज्याला मराठीच्या तासाला तोंड मिटून बसण्याची सवय लागली, तो इंग्रजीच्या तासाला तोंड उघडणार कसा? आमच्या पिढीचे इंग्रजी पाचवीपासून सुरू झाले. २००० सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून शिकवतात. आज महाविद्यालयात येणारे मूल बारा वर्षे इंग्रजीच्या तासाला बसून आलेले असते. तरीही "व्हॉट इज युवर फादर?" असे विचारले तर ते खाली पाहते. प्रश्न कळलेला असतो, उत्तरही ठाऊक असते. पण चुकण्याची लाज जिभेवर बसलेली असते. अमेरिकेतील भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशेन यांनी १९८० च्या दशकात हेच मांडले, की मनात भीती आणि संकोच असेल तर कानावर पडलेली भाषाही आत उतरत नाही. मध्ये जणू गाळणी लागते.

या ठिकाणी परमपूज्य बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे पाहिले पाहिजे. त्यांचे इंग्रजी ग्रंथ आज जगभर वाचले जातात. त्यामुळे आपल्याला वाटते की ती भाषा त्यांना जन्मतःच आली असावी. तसे नव्हते. सुभेदार रामजींनी त्यांच्याकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके घोटून घेतली, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला करून घेतल्या. परळच्या चाळीत एकच खोली. संध्याकाळी भीमरावांनी लवकर झोपायचे, रात्री दोनपर्यंत रामजींनी जागे राहायचे आणि मग मुलाला अभ्यासाला उठवून आपण आडवे व्हायचे, असा त्या घराचा नेम होता. पुस्तकांसाठी पैसे नसले तर रामजी लेकींकडे जात, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवत. इतके करून १९०७ साली मॅट्रिकला गुण किती मिळाले? ७५० पैकी २८२. आजच्या हिशेबाने अडतीस टक्केही नाहीत! पुढे १९१२ साली बी.ए., १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम.ए., आणि १९२३ साली लंडनची डी.एस्सी. काठावरचे गुण पाहून त्या घराने अभ्यास थांबवला असता तर? गुणपत्रिका ही त्या दिवसाची पावती असते, आयुष्याचा ताळेबंद नव्हे.

परकी भाषा माणूस कशाच्या बळावर शिकतो, यावर जगात पुष्कळ अभ्यास झालेला आहे. कॅनडात रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९५९ साली माँट्रियल शहरात फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की भाषेची उपजत हातोटी ही एक गोष्ट आणि शिकण्याची ओढ ही दुसरी. आणि यशाशी दोहोंचाही संबंध आहे. म्हणजे हातोटी कमी असली तरी ओढ जोपासता येते. ही ओढ दोन कारणांनी असू शकते, असे ते सांगतात. एक, त्या भाषेच्या माणसांत मिसळावे म्हणून. दुसरे, नोकरीसारखा काही लाभ व्हावा म्हणून.

आता आमच्या पेठमध्ये मिसळायला इंग्रजी बोलणारी माणसे नाहीत. राहिली नोकरी. आमच्या अभ्यासिकेतील मुले बँकेच्या, रेल्वेच्या, कर्मचारी निवडीच्या परीक्षांसाठी इंग्रजी शिकायला बसतात. पण नोकरीची जाहिरात कधी येते, कधी येत नाही. आली तर जागा थोड्या, अर्ज लाखोंनी. दोन जाहिराती हुकल्या की ओढ ओसरते आणि वही कोपऱ्यात पडते. म्हणून आम्ही मुलांना सांगतो, नोकरीचे ध्येय जरूर ठेवा. पण रोज संध्याकाळी हाती लागेल असे जवळचे कारणही शोधा. इंग्रजी आपल्या घरात आधीच येऊन बसलेले आहे. औषधाच्या पाकिटावर, खताच्या गोणीवर, कीटकनाशकाच्या बाटलीवर, बँकेच्या पासबुकात, फोनच्या संदेशात. ते वाचता येणे हीच पहिली कमाई.

यावरून एका मुलीची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिचे आईवडील पाड्यावर राहतात. ती पेठला मावशीकडे राहून बी.ए. करीत होती. पहिल्या वर्षाचे इंग्रजी दोनदा राहिले. वडील आम्हांला भेटून म्हणाले, "भाऊसाहेब, दोन वेळा फी भरली. आता दिवाळी झाली की पोरीची सोयरीक बघतो." आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, "बाबा, आणखी एक परीक्षा थांबा."

त्याच सुमारास आम्ही अभ्यासिकेत बँकेचे संदेश वाचायला घेतले होते. आम्ही बी.कॉम. झालेलो, जमा आणि नावे हा आमचा जुना पाठ. 'क्रेडिटेड' म्हणजे जमा, 'डेबिटेड' म्हणजे नावे, म्हणजे पैसे गेले. फोन वाजला की पैसे आले असे धरून चालणारी कितीतरी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्या मुलीने सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांचा फोन घेतला आणि मागचे सगळे संदेश एकेक करून वाचले. तिच्या लक्षात आले की वडिलांनी कधी न मागितलेल्या एका विम्याचा हप्ता खात्यातून कापला जात आहे. ती वडिलांना घेऊन बँकेत गेली, अर्ज दिला आणि ती कपात बंद झाली. रक्कम फार मोठी नव्हती. पण त्या दिवसापासून त्या घरात सोयरिकीचा विषय निघाला नाही. वडील पाड्यावर सांगत फिरले, "पोरीनं इंग्रजी वाचून पैसा वाचवला." पुढच्या परीक्षेत ती काठावर का होईना, उत्तीर्ण झाली. आजही ती घडाघडा इंग्रजी बोलत नाही. मात्र इंग्रजी कागद समोर आला तर आता ती तो दुसऱ्याच्या हातात देत नाही. आमच्या मते हे पास होण्याहून मोठे आहे.

अर्थात ओढ असून भागत नाही, तऱ्हाही हवी. आपली मुले मेहनत कमी करतात असे नाही. मेहनत भलतीकडे जाते. शहरात पैसे भरून शिकवणी लावलेला एक मुलगा आमच्याकडे आला होता. त्याला अकरा निबंध तोंडपाठ होते. परीक्षेत बारावा आला! गाइडमधील उत्तर पाठ करणे म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीतून उसनी कळशी आणणे. ती संपली की तहान तशीच. इंग्रजी शब्दांखाली देवनागरीत उच्चार लिहून पाठ करण्याचीही अनेकांना सवय असते. पहिल्या दिवशी तो आधार ठीक. पण रोज तसेच केले तर डोळे देवनागरीच वाचतात, इंग्रजी अक्षर अनोळखीच राहते.

मग करावे काय? मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याला शिक्षक घडवण्याचे काम करीत. बंगाली मुलांचे हाल पाहून त्यांनी १९२६ साली द्वैभाषिक शिक्षणावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की या मुलांना आधी वाचता येऊ द्या, आणि त्यासाठी मोजक्या, वारंवार लागणाऱ्या शब्दांत लिहिलेली सोपी पुस्तके द्या. पुढे १९५३ साली त्यांनी इंग्रजीत सर्वाधिक उपयोगी पडणाऱ्या सुमारे दोन हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. आमच्यातल्या कारकुनाने लगेच हिशेब मांडला. रोज पाच शब्द, रविवारी फक्त उजळणी. आठवड्याचे तीस झाले. दोन हजार शब्दांना सदुसष्ट आठवडे, म्हणजे सव्वा वर्षाच्या थोडे वर. पदवीला तीन वर्षे लागतात. वेळ आहे!

या हिशेबावर आम्ही अभ्यासिकेचा नेम बसवला आहे. प्रत्येकाची एक साधी वही. रोज पाच शब्द. नुसता शब्द आणि अर्थ नव्हे, तर स्वतःच्या घरादारातील एक वाक्य त्यासोबत. तेच शब्द दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा पाहायचे. जर्मनीचे हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेले आपण सुरुवातीला भराभर विसरतो आणि नंतर सावकाश. म्हणून उजळणी लवकर करावी आणि पुढे तिचे अंतर वाढवत न्यावे. एका रात्रीत शंभर शब्द घोटणाऱ्याचे कष्ट बहुतांशी पाण्यात जातात ते यामुळेच.

दुसरा नेम, रोज पाव तास मोठ्याने वाचन. आम्ही महाविद्यालयातील मुलांच्या हाती बालभारतीचे पाचवी-सहावीचे इंग्रजी पुस्तक देतो. सुरुवातीला मुले लाजतात. एकाने पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घातले, म्हणजे इयत्ता दिसू नये! आम्ही म्हणालो, घाल; पण वाच. ज्या पानावर दहा शब्दांमागे एखादाच अडतो, ते पान आपले. जिथे दर ओळीला ठेच लागते, ते पान अजून आपले नाही. त्यात कमीपणा कसला?

तिसरा नेम, आपल्या दिवसाविषयी रोज तीन वाक्ये लिहायची. इथे मराठी माणसाच्या दोन खोडी आडव्या येतात. आपण म्हणतो 'मी भात खातो', क्रियापद शेवटी. इंग्रजीत ते मध्ये येते : 'आय ईट राइस'. आपण 'टेबलावर' म्हणतो, म्हणजे 'वर' हा शब्द मागून जोडतो. इंग्रजीत तो पुढे येतो : 'ऑन द टेबल'. क्रियापद मध्ये आणा आणि मागचे शब्दयोगी पुढे न्या, एवढे पक्के झाले तरी निम्मी वाक्ये सुधारतात, हा आमचा अनुभव आहे. स्पेलिंगची रड मात्र इंग्रजीच्या इतिहासातूनच आलेली आहे. छपाई सुरू होऊन लिहिण्याची तऱ्हा ठरत गेली आणि उच्चार मात्र पुढे बदलत राहिले. त्यामुळे 'नाइफ' लिहिताना आधी न बोलणारा 'के' येतो. 'के' न बोलण्यात मुलाचा मूर्खपणा नाही, एवढे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

चौथा नेम जोडीने बोलण्याचा. दोघांनी पाच मिनिटे मोडकेतोडके बोलायचे. मध्ये कोणी टोकायचे नाही. शेवटी एकच चूक सांगायची, तीही हळू आवाजात. आणि हसेल त्याने खोली झाडायची! हा नियम मुलांनीच केला आहे. रिबेका ऑक्सफर्ड या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९० साली भाषा शिकण्याच्या तऱ्हांची सहा गटांत मांडणी केली. पाठांतर आणि सराव तर त्यात आहेच. पण शब्द अडला तर संदर्भावरून नड भागवणे, आपल्या अभ्यासाची आपण आखणी करणे, मनाची भीती आवरणे आणि दुसऱ्याची सोबत घेणे, यांनाही तिथे तितकेच स्थान आहे. आपल्या शाळा पहिल्या दोहोंवर जोर देतात. उरलेल्या चार गोष्टी अभ्यासिकेत आणि घरात होऊ शकतात.

घरात म्हटले की आईवडील हात झटकतात : "आम्हालाच येत नाही, आम्ही काय शिकवणार?" रामजींना इंग्रजी येत होते हे खरे. पण रात्री दोनपर्यंत जागण्यासाठी इंग्रजी लागत नाही. मुलाला रोज अर्धा तास निर्वेध मिळवून द्या. त्या वेळात टीव्ही बंद ठेवा, पाण्याला आणि दळणाला पाठवू नका; मुलीला तर मुळीच पाठवू नका, कारण तिचा अभ्यास सर्वांत आधी मोडतो. ती मोठ्याने वाचू लागली तर जवळ बसून ऐका. कळले नाही तरी ऐका. वाचून झाल्यावर "काय लिहिलंय गं त्यात?" एवढे विचारा. तिला ते मराठीत सांगावे लागेल, आणि सांगता सांगता तिचे तिलाच उमगेल. मूल दोन शब्द इंग्रजी बोलले तर "आली मोठी मडम!" असे म्हणून खिजवू नका. वर्गातील हसणे एक वेळ मूल सोसते, घरातले हसणे त्याला कायमचे गप्प करते.

घरात फोन असेल तर त्याचाही उपयोग आहे. शब्दाचा उच्चार ऐकता येतो, हळू बोललेल्या बातम्या ऐकता येतात. पाड्यावर रेंज नसली तर पेठला आल्यावर उतरवून घेता येतात. फक्त सगळे वाक्य फोनकडून भाषांतर करून घेण्याआधी स्वतः एकदा प्रयत्न करावा. दुसऱ्याने जेवून आपले पोट भरत नाही.

एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. इंग्रजी आले म्हणजे माणूस शहाणा आणि न आले म्हणजे अडाणी, असे आम्ही मानत नाही. कोकणा बोलीत जंगलातल्या झाडपाल्याची जेवढी नावे आहेत, तेवढी आमच्या कचेरीतल्या साहेबांना कोणत्याच भाषेत येणार नाहीत. आपली बोली टाकून इंग्रजी घ्यायचे नाही. आपल्या बोलीच्या जोडीला ते घ्यायचे. सावित्रीमाईंनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो मराठी कवितेतूनच! २०१४ पासून पुणे विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातील मुले त्याच विद्यापीठाची पदवी घेतात. ज्या नावाची पदवी घ्यायची, त्या नावाचा हा आग्रह एका विषयापायी अर्धवट राहू नये.

म्हणून समाजबांधवांना आमची विनंती आहे. आपल्या वस्तीतील विहाराची किंवा समाजमंदिराची खोली संध्याकाळी रिकामी असेल, तर तिला कुलूप लावू नका. एक दिवा, एक चटई, पाचवीची चार जुनी पुस्तके आणि मुलांच्या चुकीला न हसणारे एक मोठे माणूस, एवढ्यावर अभ्यासिका सुरू होते. ते मोठे माणूस पदवीधर असलेच पाहिजे असे नाही. आणि ज्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी राहिले आहे, त्यांनी पुढच्या परीक्षेची तारीख लागण्याची वाट पाहू नये. आज रात्री वहीच्या पहिल्या पानावर पाच शब्द लिहावेत. तीन भाषा शिकलेल्याला चौथी जड नाही.

जयभीम!